घाडींच्या खोलीतला रूम टोन

माझे बाबा गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला गप्प झाले, ते आजतागायत बोललेले नाहीत.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असं धरून चाला की अजून काही झालेलं नाही, बाबा व्यवस्थित बोलतायत आणि आपण परळच्या आमच्या खोलीत चहा पीत बसलोय. निकाल आधी लागायचा आणि घटना मागून सावकाश यायची, ही आमच्या घरातली जुनी पद्धत आहे. दोष द्यायचाच तर बाबांच्या नोकरीला द्या.

तर बाबा व्यवस्थित बोलत होते. त्यांना वारून चार वर्षं झाली होती.

नोकरीचं सांगतो. राजाराम घाडी कागदोपत्री ‘खाजगी नोकरी’ करायचे. प्रत्यक्षात ते स्टेडियममध्ये बसायचे. तुम्ही टीव्हीवर बघता ती मॅच शिळी असते. मैदानातला चेंडू आकाशात उपग्रहापर्यंत जाऊन तुमच्या घरात पडेपर्यंत आठेक सेकंद जातात. या आठ सेकंदांवर बाबांनी माझं बी.कॉम. आणि आईचे दोन्ही मोतीबिंदू काढले. टोपीखाली इयरफोन लावायचा आणि ओठ न हलवता फोनवर पुटपुटायचं, ‘डॉट. एक. चार. आउट.’ पलीकडे चिंतामणी शेठ. हिंदमात्याला त्यांचं साड्यांचं दुकान आहे. पुढे पैठण्या आणि मागच्या खोलीत सट्ट्याचे फोन. जगाच्या टीव्हीवर बोलर अजून पळत येत असायचा, तोवर शेठकडे विकेट पडून, भाव बदलून, लोक बुडून झालेले असायचे.

या सवयीचा परिणाम असा, की घरी टीव्हीवर मॅच लागली की बाबा कावरेबावरे व्हायचे. पुढे काय होणार हे माहीत नसताना माणसं मॅच बघतात कशी, हेच त्यांना कळायचं नाही.

ते झोपेत गेले. मंगळवार होता, मॅच नव्हती.

तेराव्याची जेवणं उरकली. संध्याकाळी आईने गावच्या पाहुण्यांसाठी डाळीचा कुकर लावला, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला, “शिट्टी.”

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मग शिट्टी झाली.

“ऐकलंस?” आई म्हणाली.

“हो.”

“मग बघतंस काय, मयूर? गॅस बारीक कर.”

तेव्हापासून ते सुरू झालं. “दार,” असं ते म्हणायचे आणि आठ सेकंदांनी बेल वाजायची. “मांजर.” “लाईट.” “दूध.” दूध म्हणाले की आई जागेवरून न उठता मला हाक मारायची. चाळीत बातमी पसरली. शेजारचा शिवा फोनवर मॅच लावून आमच्या खिडकीत तळ ठोकून बसला. म्हणाला, “राजाकाका, फक्त सिक्स तेवढे सांगा.” काकांनी दोन ओव्हरी जाऊ दिल्या. मग म्हणाले, “शिंक.” शिवा शिंकला. तेवढ्यात सिक्स गेला. बाबा फक्त या खोलीत होणारं सांगायचे, मैदानाशी त्यांनी संबंध तोडला होता. नाहीतरी आता मोबाईलवर स्कोर टीव्हीच्या आधी येतो. म्हणजे बाबा गेल्यावरसुद्धा त्यांचा धंदा बसला.

“गावाहून कोणी भुतं काढणारा घाडी आणा, बंदोबस्त करा,” असं शिवाची आई आमच्या आईला म्हणाली.

“घाडी आमीच,” आई म्हणाली, आणि विषय संपला.

बंदोबस्त करायचाच नव्हता, त्याला एक कारण होतं. आईचं बीपी उभ्या उभ्या एकदम खाली जातं. डोळ्यांपुढे काळोख येतो आणि ती आहे तिथे कोसळते. बाबा जिवंत असताना दोनदा पडली, एकदा कपाळाला सात टाके. बाबा गेल्यावर चार वर्षांत ती एकदाही पडली नाही. कारण काळोख यायच्या आधी खिडकीतून आवाज यायचा, “कमल, बस.”

आई बसायची. जिथे असेल तिथे, मोरीत, ओट्याखाली, एकदा वाळत घातलेल्या कुरडयांवर. काळोख यायचा, इकडेतिकडे बघायचा, पाडायला कोणी नाही म्हणून निघून जायचा. आई उठून परत कामाला लागायची.

एकतीस वर्षांच्या संसारात बाबांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. ‘गो’ म्हणायचे, नाहीतर नुसतंच खाकरायचे. मी तिला विचारलं, “आता नाव कसं घेतात?”

“आता लाजायचा कोणाक?” आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून चार धुतलेले कप परत धुवायला घेतले.

मग पिक्चरवाले आले.

सट्ट्याच्या दुनियेवर पिक्चर होता. नाव ठरलेलं नव्हतं, कागदावर ‘प्रॉडक्शन नंबर चार’ असं होतं. गोष्ट अशी, की एक गरीब माणूस स्टेडियममध्ये बसून फोनवर खबर देतो आणि शेवटी मरतो. दिग्दर्शक अवधूत गिरगावातला, स्वच्छ मराठी बोलणारा. त्याने चिंतामणी शेठना गाठलं आणि शेठनी आमचा पत्ता दिला. अवधूत खोलीत आला, खिडकी बघितली, कपाटाचा आरसा बघितला, खुंटीवरची बाबांची टोपी बघितली आणि म्हणाला, “मला इथे काहीही बदलायचं नाहीये.” दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतींना मळकट रंग दिला, कारण आमच्या भिंती पुरेशा गरीब दिसत नव्हत्या.

तीन दिवसांचं शूटिंग. दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस माणसं. त्यांतली दोन लक्षात ठेवा. एक उन्मेष, आवाज रेकॉर्ड करणारा. कानांवर मोठे हेडफोन आणि चेहरा असा, की जगाचा आवाज कोणीतरी कमी करावा. दुसरी मनवा, दिग्दर्शकाची असिस्टंट. तेवीस-चोवीस वर्षांची, अंगकाठी एवढीशी आणि आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. ती “सायलेन्स!” ओरडली की खालच्या मजल्यावरची भांडणंसुद्धा थांबायची.

पहिला शॉट. बाबांचं काम करणारा हिरो बाबांच्या खिडकीत, बाबांचा शर्ट घालून बसला. शर्ट आईने स्वतः इस्त्री करून दिला होता. हिरोची अडचण एकच, त्याला वाक्यं पाठ होत नव्हती. सकाळपासून सतरा टेक झाले होते. अठराव्याला मनवाने सायलेन्स केलं, अवधूत ॲक्शन म्हणाला, हिरो ब्लँक झाला, आणि कोपऱ्यातून बाबा हलकेच म्हणाले, “शेठ, आज माझं मन लागत नाही.”

हिरोने डोळे मिटले. सात-आठ सेकंद तो नुसता बसून राहिला. मग म्हणाला, “शेठ, आज माझं मन लागत नाही.”

“कट!” अवधूत ओरडला. “काय पॉज घेतलास! काय पॉज!”

“प्रॉम्प्टर चांगला ठेवलात,” हिरो म्हणाला.

“प्रॉम्प्टर कोण?” उन्मेष म्हणाला. “अरे, माझ्या ट्रॅकवर कोणीतरी बोलतंय!”

“शेजारचा टीव्ही असेल,” मी म्हणालो.

दोन दिवस असंच चाललं. हिरो एकेका वाक्याआधी आठ सेकंद थांबायचा आणि युनिट त्याच्या अभिनयाने हेलावून जायचं. तिसऱ्या दिवशी मरायचा सीन झाला. हिरो आमच्या बाबांच्या गादीवर आडवा झाला. त्या सीनमध्ये बाबांनी हिरोला एकही वाक्य पुरवलं नाही. आई ओट्यापाशी उभी होती. हिरोने श्वास रोखला तेव्हा तिने भिंतीला हात लावला, आणि बाबा म्हणाले, “कमल, बस.”

आई बसली. कॅमेऱ्यात नव्हती, म्हणून कोणी काही बोललं नाही.

शेवटी रूम टोन राहिला. तो काय असतो ते मलाही तेव्हाच कळलं. खोली रिकामी असली तरी तिचा स्वतःचा एक आवाज असतो, आणि तो तीस सेकंद वेगळा रेकॉर्ड करून न्यावा लागतो, वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला. त्या वेळी कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. चाळीस माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली.

“सायलेन्स! रूम टोन! रोल साउंड!” मनवा.

“खोकला,” बाबा म्हणाले.

आठ सेकंदांनी लाईटवाला खोकला.

परत रोल. “खुर्ची,” बाबा म्हणाले. खुर्ची करकरली. परत रोल. “फोन.” हिरोचा फोन वाजला.

उन्मेषने हेडफोन काढून आदळले. “शेजारचा टीव्ही नाहीये हा! कोण बोलतंय इथे?”

“आमचे हे,” आई म्हणाली.

कोणी हसलं नाही. मनवासुद्धा नाही. पहाटे पाचपासून ती उभी होती, डोळे लाल, कपाळावर ओला रुमाल बांधलेला. ती गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी आली. भिंतीवर बाबांचा फोटो होता तिथे न बघता तिने बरोबर कोपऱ्याकडे बघितलं, जिथून आवाज यायचा, आणि हात जोडून म्हणाली, “काका, प्लीज. तीस सेकंद. मी सांगेपर्यंत एक शब्द नको. थकलेय हो मी.”

मग वळून, “सायलेन्स! रूम टोन! रोल!”

शांतता झाली.

चार वर्षांत मी आमची खोली पहिल्यांदाच ऐकत होतो. पंखा बंद होता. चाळीस माणसांचे श्वास भिंतीला चिकटून होते. कोपऱ्यात कोणीतरी अतिशय प्रयत्नाने गप्प बसलं होतं. माणूस नसतो ती शांतता वेगळी आणि माणूस तोंड दाबून बसतो ती वेगळी. ही दुसरी होती.

वीसेक सेकंद झाली असतील, आणि नळाला पाणी आलं.

चारचं पाणी. अख्खी चाळ बादल्या घेऊन धावली, कळशा आपटल्या, शिवाची आई कोणालातरी मेल्या म्हणाली. उन्मेषने मान हलवत मशीन बंद केलं आणि अंगठा दाखवला, चालून जाईल. मनवाला फोन आला. दुसऱ्या दिवशीच्या लोकेशनची परवानगी अडकली होती. ती फोनवर बोलत बोलत जिना उतरली. पॅकअप झालं. तासाभरात खोलीत फक्त मळकट रंग उरला.

त्या संध्याकाळी कुकरची शिट्टी न सांगता झाली. आई इतकी दचकली की हातातली पळी पडली.

“दमले असतील,” मी म्हणालो. “तीन दिवस डबल ड्यूटी झाली.”

दुसऱ्या दिवशी बेल वाजली, मांजर आलं, लाईट गेली. सगळं जसं इतर लोकांच्या घरी होतं तसं, अचानक. दूध उतू गेलं. आईने “अहो,” म्हणून बघितलं, “बोला ना,” म्हणून बघितलं. मी “कट!” म्हणून बघितलं. कोपऱ्यात कोणी नव्हतं असं नाही. कान लावला की ती दुसरी शांतता ऐकू यायची.

चौथ्या दिवशी आई मोरीत पडली. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आल्यावर तिने मला पहिलं काम सांगितलं ते असं, “शेठना बोलाव.”

चिंतामणी शेठ आले. आता पंच्याहत्तरीचे, गुडघे गेलेले. तीन जिने चढून धापा टाकत बसले, आईसाठी एक साडी आणली होती ती मांडीवरच धरून ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्याकडे तोंड करून, जुन्या आवाजात म्हणाले, “राजा. लाईन चालू.”

आम्ही मनात आठ मोजले. मग अजून आठ.

“माझ्याने नाही व्हायचं, वहिनी,” शेठ म्हणाले. “होल्ड मी लावलेला नाही.”

“म्हंजे?”

“लाईनीवर होल्ड लागला की तोंड बंद. आणि ज्याने लावला त्याच्याच आवाजाने उघडायचं, हा आमचा नियम. पोलीससुद्धा माझा आवाज काढून बोलायचे ना! म्हणून दुसरं कोणी काही बोललं तरी राजा हूं का चूं करायचा नाही. एकदा मी होल्ड लावला आणि जेवायला गेलो, विसरलो. दीड तास! पाच विकेट गेल्या, हा फोन कानाला लावून गप्प. मी वाट्टेल तसा बोललो त्याला. तर म्हणतो, ‘शेठ, तुम्ही सांगितलं नव्हतं.’” शेठनी डोळे पुसले, साडीला. “असा माणूस मिळत नाही हो. त्या पोरीला बोलवा. एका शब्दाचं काम आहे.”

मनवाचा फोन मी पंधरा दिवस लावत राहिलो, बंदच होता. मग अवधूतला लावला.

मनवाचं विचारल्यावर तो गर्दीतून बाजूला गेला. मग म्हणाला, “तुम्हांला कळवायचं राहिलंच. मनवा गेली. डेंग्यू होता. तुमच्याकडे होती तेव्हाच ताप असावा, तिने अंगावर काढला. आम्ही एक अख्खा दिवस शूट बंद ठेवलं.”

मी ज्यासाठी फोन केला होता तेच बोललो. “मग तुम्ही कट म्हणता का? स्पीकरवर ठेवतो.”

“रूम टोनला माझा कट नसतो. तो साउंडचा विषय.”

उन्मेष म्हणाला, साउंडचा नाही, असिस्टंटचा. तरीपण दोघांनीही फोनवरून कट म्हटलं. बिचाऱ्यांनी दोन-दोनदा म्हटलं.

आई सगळं ऐकत होती. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन म्हणाली, “तिच्या घराक कोण आसा?”

मनवाचं घर प्रभादेवीला, देवळामागच्या गल्लीत, दुसरा मजला. दार बकुळाबाई गुप्त्यांनी उघडलं. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या, नवरा आधीच गेलेला, मुलगी एकुलती. कॉटनची साडी कडक, खोली अशी आवरलेली की तिथे कोणी राहत असल्याचा पुरावा सापडू नये.

आईने काही लपवलं नाही. कुकरपासून मनगटापर्यंत सगळं सांगितलं. मी जमिनीकडे बघत होतो. आता या आपल्याला हाकलतील, आणि हाकलावंच. बकुळाबाईंनी मधेच काही विचारलं नाही. संपल्यावर आतून मनवाचा फोन आणला.

“ह्याच्यात तिच्या शूटिंगच्या क्लिपा आहेत. एखाद्यात तो शब्द असेल तर घ्या.”

आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसून ऐकायला लागलो. तो भोंगा त्या आवरलेल्या खोलीत घुमला. “सायलेन्स प्लीज!” “रोल साउंड!” “लंच, अर्धा तास, फक्त अर्धा!” “मावशी, पंखा बंद करा ना, सॉरी हं.” एकीमागून एक. प्रत्येक क्लिप शेवटी कोणा पुरुषाच्या आवाजातल्या ‘कट’वर संपत होती. तासाभराने मला उलगडा झाला. कट म्हणायचा अधिकार दिग्दर्शकाचा. असिस्टंटने लोकांना गप्प करायचं, सोडायचं दुसऱ्याने. मनवाने आयुष्यात कधी कट म्हटलंच नव्हतं.

“दिग्दर्शक व्हायचं म्हणायची,” बकुळाबाई म्हणाल्या. “मी म्हणायचे, बँकेच्या परीक्षा दे.”

फोन बंद झाला. खालून हार-फुलंवाल्यांचा गलका येत होता, तरी खोली गप्प होती. मला ती कोणती शांतता आहे ते ओळखता येईना. मी खरंच कान लावून बसलो.

“तुमचे मिस्टर,” बकुळाबाईंनी आईला विचारलं, अगदी कचेरीत विचारतात तसं, “कितव्या दिवशी बोलायला लागले म्हणालात?”

“तेराव्या,” आई म्हणाली.

“आमचं तेरावं झालं परवा.”

आईने डावा हात पुढे करून त्यांचा हात धरला. “अहो, आमचे हे रिकामे होते,” ती म्हणाली. “तिच्यामागे कामं असतील.”

बकुळाबाईंनी मनवाचा फोन चार्जिंगला लावला. मग डोळे कोरडे करून उठल्या आणि टेबलाचा खण उघडला. बत्तीस वर्षांची नोकरी. अडचण आली की त्यांना एकच गोष्ट माहीत.

“मयूर, कागद घे. समास सोड,” त्या म्हणाल्या. “अर्ज करू.”

“कोणाकडे?”

“सक्षम अधिकाऱ्याकडे. खातं कोणतं ते कळलं की भरू. मी सांगते तसं लिही.”

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
____________ विभाग.

विषय : कै. कु. मनवा गुप्ते यांची एका शब्दापुरती प्रतिनियुक्ती मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार क्र. १ श्रीमती कमल राजाराम घाडी, रा. परळ, यांचे मयत पती हे कै. कु. मनवा यांच्या तोंडी आदेशान्वये मौन पाळून असून, सदर आदेश रद्द करण्याचे अधिकार अन्य कोणासही नाहीत. आदेश रद्द न झाल्याने अर्जदार क्र. १ या एकदा पडल्या असून पुन्हा पडण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सबब, कै. कु. मनवा यांस त्यांच्या सध्याच्या ठिकाणावरून केवळ एक शब्द उच्चारण्यापुरते कार्यमुक्त करण्यात यावे. त्या थकलेल्या असल्याने त्यांस परळपर्यंत जाण्यास भाग पाडू नये. सदर शब्द त्यांनी अर्जदार क्र. २ श्रीमती बकुळा गुप्ते, रा. प्रभादेवी, म्हणजे त्यांच्या आई, यांचे राहते घरी उच्चारला तरी चालेल. अर्जदार क्र. १ आपल्या पतीसह तेथे येऊन बसतील. वेळेचे बंधन नाही. दोन्ही अर्जदार घरीच असतात.

तरी विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन आदेश व्हावेत, ही विनंती.